पानगळीत सुरू होणारी गच्चीवरची बाग

पहिला पाऊस झाला की नर्सरीत पाय ठेवायला जागा नसते. टोमॅटोची, मिरचीची, मोगऱ्याची रोपं घेतली जातात, सोबत लाल मातीची दोन पोती येतात आणि कुंड्या काठोकाठ भरल्या जातात. गणपतीपर्यंत सगळं हिरवंगार असतं. मग पानं पिवळी पडायला लागतात, माती विटेसारखी आवळते आणि दिवाळीच्या साफसफाईत रिकाम्या कुंड्या कोपऱ्यात सरकवल्या जातात. आमच्या पुण्यातल्या गच्चीवर पहिली दोन वर्षं हेच झालं. तिसऱ्या वर्षी मी जूनची वाट पाहिली नाही. फेब्रुवारीत, रस्त्यावर पानांचे ढीग पडायला लागले तेव्हाच कामाला लागले. आज घरची बरीचशी पालेभाजी, मिरची, गवती चहा आणि देवाची फुलं गच्चीवरूनच येतात. हे सगळं कसं जमवायचं, ते क्रमाने सांगते.

आधी ऊन आणि वजन

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत दर तासाला गच्चीत किंवा बाल्कनीत जाऊन बघा आणि ऊन कुठे पडतं ते खडूने जमिनीवर आखा. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी आणि वेलभाज्यांना किमान सहा तास थेट ऊन हवं. मेथी, पालक, कोथिंबीर, पुदिना तीन-चार तासांवरही भागवतात. त्याहून कमी ऊन असेल तर अळू लावून बघा, फळभाजीचा हट्ट धरू नका.

बाल्कनीवाल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. मुंबई-पुण्याकडे मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला झुकलेला असतो. म्हणून दक्षिणेच्या बाल्कनीत ऐन उन्हाळ्यात ऊन जवळजवळ आत येत नाही, आणि डिसेंबरात तेच ऊन थेट दिवाणखान्यापर्यंत पोचतं. दक्षिणेची बाल्कनी ही हिवाळी भाज्यांची जागा. तिथे मे महिन्यात भेंडी लावली आणि फुलली नाही, तर दोष बियाण्याचा नाही.

वजनाकडे मात्र कोणी लक्षच देत नाही. माणसांची ये-जा असलेल्या सपाट गच्चीचं आरेखन करताना, आयएस ८७५ या मानकानुसार, दर चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरतात. एक चौरस मीटर जागेवर फूटभर उंचीचा ओल्या मातीचा वाफा केला तर त्याचं वजन सहज ५०० किलोंच्या घरात जातं, म्हणजे तिपटीहून जास्त. गच्चीवर विटा रचून मातीचे वाफे करू नयेत, ते यासाठी. भाजीबाजारात मिळतात ते जाळीदार प्लास्टिकचे क्रेट मला सर्वांत सोयीचे वाटतात: साधारण पावणेदोन फूट लांब, सव्वा फूट रुंद, फूटभर खोल. असा क्रेट मातीने भरून ओला झाला की ८०-९० किलो होतो. कुजलेल्या पाल्याने भरला तर ३०-३५ किलोंत काम होतं. तरीही क्रेटला क्रेट चिकटवून सगळी गच्ची झाकू नका. निम्मी जागा मोकळी ठेवा आणि जड कुंड्या खालच्या भिंती-तुळयांच्या रेषेवर मांडा. इमारत जुनी असेल, छताला ओल असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. प्रत्येक क्रेट दोन विटांवर ठेवला की खालून हवा खेळते, पाणी साचत नाही आणि झाडता येतं.

माती घरी बनवायची

शेतीत स्वतः प्रयोग करणाऱ्यांच्या 'प्रयोग परिवारा'चे श्री. अ. दाभोळकर यांनी शहरातल्या लोकांना ऊन आणि पालापाचोळा यांच्या जोरावर घरच्या घरी पिकवायला शिकवलं. माझी पद्धत त्याच वाटेवरची आहे.

फेब्रुवारी ते एप्रिल या काळात सोसायटीच्या आवारात आणि रस्त्याकडेला सुकी पानं पडतात. झाडलोट करणाऱ्या मावशींना सांगून ठेवलं तर त्या पोती भरून बाजूला ठेवतात. आमच्या मावशी आता स्वतःहूनच विचारतात, 'ताई, यंदा किती पोती?' पर्जन्यवृक्ष, शिरीष, गुलमोहर यांची बारीक पानं लवकर कुजतात. आंबा, फणस, बदाम यांची पानं जाड असतात, वेळ घेतात, म्हणून ती हाताने चुरडून घ्यावीत. निलगिरीची पानं घेऊ नका. पानांत प्लास्टिक, काच, गुटख्याच्या पुड्या निघतात, त्या वेचून काढल्याशिवाय पुढे जायचं नाही.

क्रेटला आतून जुनी हिरवी शेडनेट किंवा साडीचं कापड लावा आणि पानं भरा. वर उभं राहून तुडवा. फूटभर पानं तुडवली की चार बोटं उरतात, तेव्हा पुन्हा भरा, पुन्हा तुडवा. प्रत्येक थरावर शेणाचा पातळ काला शिंपडा. शेण मिळत नसेल तर आंबट ताकात गुळाचा खडा विरघळवून ते पाणी चालतं. हे मिश्रण किती ओलं हवं, ते असं ओळखा: पानं मुठीत घेऊन जोरात दाबा. बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब आले की बरोबर. धार लागली तर जास्त ओलं आहे, थोडी सुकी पानं मिसळा. एकही थेंब आला नाही तर पाणी कमी आहे, आणि एप्रिलच्या उन्हात असा ढीग नुसता वाळत बसतो, कुजत नाही. क्रेट सावलीत ठेवून वर पोतं टाका, दर पंधरा दिवसांनी वर-खाली करून पाणी शिंपडा. तीन-साडेतीन महिन्यांत पानाचं पानपण जातं, हाताला भुसभुशीत तपकिरी काहीतरी लागतं आणि पहिल्या पावसाला जमिनीचा येतो तसा वास येतो. मृग लागेपर्यंत माती तयार.

स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यासाठी एक वेगळी बादली ठेवा, बुडाला आणि बाजूंना भोकं पाडलेली. भाजीची देठं, साली, धुतलेला चहाचा चोथा, निर्माल्यातली फुलं तिच्यात घाला. शिजवलेलं, तेलकट, खारट घालू नका. एक ओंजळ ओलं टाकलं की दोन ओंजळी सुका पाला वर घालायचा. बादलीला घाण वास येऊ लागला तर ओलं जास्त झालंय, सुका पाला वाढवा आणि काठीने ढवळून हवा द्या. पावसाळ्यात मळकट पांढऱ्या, जाडसर अळ्या दिसतील. त्या 'ब्लॅक सोल्जर फ्लाय' नावाच्या माशीच्या अळ्या असतात, कचरा झपाट्याने खातात, झाडाला काही करत नाहीत. त्यांना मारू नका.

आता कुंडी भरणं. कुजलेला पाला दोन वाटे, घरचं कंपोस्ट किंवा गांडूळखत एक वाटा, लाल किंवा पोयट्याची माती एक वाटा, आणि क्रेटमागे दोन मुठी निंबोळी पेंड. काळी माती कुंडीत घेऊ नये. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते आणि मुळं तोडते.

कुंडीच्या तळाला खडी किंवा विटांचे तुकडे टाकायची पद्धत घरोघरी आहे. निचरा चांगला होतो असं म्हणतात, पण होतं उलटंच. बारीक मातीतलं पाणी पूर्ण भिजल्याशिवाय खालच्या मोठ्या फटींमध्ये उतरत नाही, त्यामुळे ओला थर वर, थेट मुळांपाशी येऊन थांबतो. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा. पाणी ठिबकायचं थांबलं की तोच स्पंज उभा करा, पुन्हा पाणी गळेल. म्हणजे मातीची उंची जेवढी जास्त, तेवढं पाणी खाली ओढलं जातं, आणि खडी ती उंचीच कमी करते. भोकावर नारळाच्या शेंड्या किंवा जाळीचा तुकडा ठेवा, एवढं पुरे. बाकी सगळी माती.

काय, कधी

मृगाचा पाऊस पडला की वेलभाज्या: दोडका, कारली, पडवळ, काकडी, दुधी. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, कारल्याच्या बियांचं टोक आधी दगडावर हलकं घासा. क्रेटमागे दोनच वेल ठेवा. वेल चढवायला सुतळीची जाळी बांधा आणि ती पेरायच्या आधीच बांधा. नंतर बांधायला गेलं की कोवळा शेंडा मोडतो. पावट्याचे जुने गावठी वेलही याच वेळी लावतात, पण दिवस लहान होऊ लागल्याखेरीज ते फुलत नाहीत. ऑगस्टमध्ये नुसता पाला दिसला म्हणून उपटू नका, थंडीत शेंगांनी लगडतात.

भेंडीसाठी परभणी क्रांती हे वाण बघा. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ते काढलं. भेंडीची पानं पिवळी जाळीदार करणाऱ्या केवडा रोगाला ते बऱ्यापैकी दाद देत नाही.

भर पावसात मेथी-कोथिंबीर लावून लोक हिरमुसतात. आषाढातला पाऊस ती रोपं झोडपतो आणि कुजवतो. त्या दिवसांत लाल माठ, अंबाडी, अळू लावा. मेथी, पालक, मुळा, शेपू, गाजर नवरात्रानंतर. टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी यांचं बी गणपतीच्या सुमारास छोट्या वाफ्यात टाका म्हणजे दसऱ्यापर्यंत रोपं लावणीला येतात. उन्हाळ्यात गवार, चवळी, भेंडी, आणि त्यांच्या सावलीत पुदिना.

मेथी ही नवशिक्याने पहिली लावावी. वाण्याकडचे मेथीदाणे रात्रभर भिजवून विस्कटून पेरा, अर्धा इंच माती घाला. तीन-चार दिवसांत कोंब दिसतात, पंचवीस-तीस दिवसांत भाजी हातात. कोथिंबिरीचे धणे मात्र लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करून घ्यायचे, अख्खा धणा उगवायला कुरकुर करतो. आठ-दहा दिवस धीर धरा. दर पंधरा दिवसांनी थोडी-थोडी पेरली तर हिवाळाभर पुरते. मार्चनंतर ऊन तापलं की ती लगेच फुलावर जाते. पालक मुळासकट उपटू नका, बाहेरची पानं कापत राहिलात तर तोच वाफा तीन-चार वेळा देतो.

टोमॅटोवर थोडं थांबते, कारण सगळ्यांना तोच हवा असतो. बी टाकल्यापासून पंचवीस-तीस दिवसांनी रोपाला चार-पाच पानं येतात. संध्याकाळी लावणी करा. खालची दोन पानं खुडून टाका आणि रोप वरच्या पानांपर्यंत मातीत पुरा. टोमॅटोच्या खोडावरच्या बारीक लवेकडे बघा. मातीआड गेलेल्या त्या खोडाला जागोजाग नवी मुळं फुटतात आणि झाड बळकट होतं. वांगी-मिरचीला असं खोल गाडू नका. लावतानाच पाच फुटी काठी रोवून ठेवा. मोठा क्रेट असला तरी त्यात दोनच झाडं. फळाच्या बुडाशी काळा खोलगट डाग दिसला तर तो रोग नव्हे. एक दिवस कोरडं, एक दिवस चिंब अशा पाण्यामुळे फळाला कॅल्शियम पोचत नाही आणि डाग पडतो. अंड्याची टरफलं टाकून तो लगेच थांबत नाही, पाणी सारखं ठेवलं की पुढची फळं निरोगी येतात.

सांजवेळचं काम

वेल फुलांनी भरला पण फळ धरत नाही, पिवळी पडून गळतात, ही तक्रार मला सर्वांत जास्त ऐकू येते. या वेलांवर नर आणि मादी फुलं वेगळी असतात. सुरुवातीला नुसती नर फुलं येतात, तेव्हा थांबायचं. मादी फूल ओळखायला सोपं: पाकळ्यांच्या मागे बोटाच्या पेराएवढी दुधी किंवा दोडकाच असतो. उंच गच्चीवर मधमाश्या कमी येतात, म्हणून परागीकरण आपण करायचं.

वेळ महत्त्वाची. दुधीची पांढरी आणि दोडक्याची पिवळी फुलं संध्याकाळी उमलतात, दिवेलागणीच्या सुमारास. कारलं, काकडी, भोपळा यांची सकाळी. ताजं नर फूल देठासकट खुडा, पाकळ्या मागे दुमडा आणि मधला परागांचा दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. पिवळी पूड चिकटलेली दिसते. मी देवापुढे दिवा लावला की वर जाते. दहा मिनिटांचं काम असतं. फळ धरलं की तीन-चार दिवसांत ते देठाकडून वर वळायचं सोडून खाली लोंबू लागतं. हे काम सुरू करायच्या आधीच्या आठवड्यात गळणारे दोडके मोजून मी अक्षरशः रडकुंडीला आले होते.

पाणी आणि खाऊ

कुंडीतली झाडं तहानेपेक्षा पाण्याने जास्त मरतात. माझ्या पहिल्या बारा टोमॅटोंची मुळं कुजली ती रोज न चुकता सकाळ-संध्याकाळ पाणी घातल्याने. बोट दोन पेरं मातीत खुपसा. बोटाला ओली माती चिकटली तर आज पाणी नाही. उन्हाळ्यात एप्रिल-मेमध्ये दोन वेळा लागेल, हिवाळ्यात दिवसाआड चालतं, पावसाळ्यात छपराखालच्या कुंड्या विसरल्या जातात, त्यांच्याकडे बघा. पाणी सकाळी आणि मुळाशी. मातीवर दोन इंच सुका पाला किंवा उसाचं पाचट अंथरलं की पाणी निम्म्यावर येतं, आणि तोच पाला पुढे खत होतो.

जीवामृत म्हणजे शेण-गुळाचं आंबवलेलं पातळ खत. ते घरच्या प्रमाणात असं करा: दहा लिटर पाणी, अर्धा किलो देशी गाईचं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम काळा गूळ, १०० ग्रॅम बेसन आणि झाडाखालची मूठभर माती. सावलीत, कापडाने झाकून, दिवसातून दोनदा काठीने ढवळा. दोन दिवसांत तयार. एकास दहा पाणी घालून दर पंधरा दिवसांनी मुळाशी द्या, आठवड्याच्या आत संपवा. पानं गर्द हिरवी, मोठी होताहेत आणि फूल येत नाही असं दिसलं तर खाऊ थांबवा.

कीड

रोज सकाळी पानं उलटून बघण्याला दुसरा उपाय नाही. मावा, पांढरी माशी, तुडतुडे सगळे पानाच्या मागे बसतात. थोडे असतील तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पडतात. जास्त झाले तर निंबोळी अर्क: ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर थोड्या पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून पिळून एक लिटर पाणी करायचं, चमचाभर साबणाचं पाणी घालून संध्याकाळी फवारायचं. आठवड्याने पुन्हा. दुपारच्या उन्हात फवारलं तर पानं करपतात. मिरचीची पानं आकसून वाकडी झाली की त्याला बोकड्या किंवा चुरडा-मुरडा म्हणतात. फुलकिडे आणि कोळी कारण असतील तर अर्काने शेंडा सुधारतो. विषाणू असेल तर झाड उपटून पिशवीत बांधून टाकून द्या, कंपोस्टमध्ये नको. जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढा. वांग्याचा शेंडा माना टाकून बसला की आत अळी असते, बोटभर खाली कापून नष्ट करा. दोडका-काकडीच्या पानांवर पांढरी भुरी दिसली तर आंबट ताक एकास दहा पाण्यात फवारा.

लाल-काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे आणि त्यांच्या काळ्या काटेरी अळ्या दिसल्या तर फवारणी थांबवा. त्या मावा खातात.

फुलं आणि औषधी झाडं

दसऱ्याला घरचा झेंडू हवा असेल तर बी अडीच-तीन महिने आधी टाका. महिन्याच्या रोपाची लावणी करा आणि ती रुजली की मधला शेंडा खुडा, फांद्या फुटून तीनपट फुलं येतात. झेंडूची मुळं मातीतल्या सूत्रकृमींना आवरतात, म्हणून मी टोमॅटो-वांग्याच्या प्रत्येक ओळीत एक झेंडू ठेवते. मोगऱ्याला नोव्हेंबर-डिसेंबरात पाणी तोडा, जानेवारीत निर्दयपणे छाटा, मग शेणखत आणि पाणी द्या. मार्चपासून कळ्या धरतात. छाटायला मन धजत नाही, त्यांच्या मोगऱ्याला पानंच येतात.

तुळशीच्या मंजिऱ्या वेळेवर खुडा. पुदिना बाजारच्या जुडीतल्या जाड काड्या पाण्यात ठेवून मुळं फुटल्यावर लावा, स्वतंत्र कुंडीत, नाहीतर सगळीकडे पसरतो. गवती चहाचा एक ठोंब शेजाऱ्याकडून मागून आणा. हळदीचे गड्डे अक्षय्यतृतीयेच्या सुमारास रोवले की नागपंचमीला पातोळ्यांपुरती पानं मिळतात. माझं माहेर कोकणातलं, तिथे हळदीच्या पानाशिवाय पातोळी होत नाही, आणि इथे बाजारात ती पानं शोधावी लागायची. आता दोन क्रेट नुसत्या हळदीचे आहेत. पानं जानेवारी-फेब्रुवारीत वाळली की गड्डे काढायचे.

हंगामात प्रत्येक वेलावरचं एक चांगलं फळ तोडू नका. दोडका वेलावरच वाळू द्या, हलवला की खुळखुळ वाजेपर्यंत. बिया काढून दोन दिवस सावलीत सुकवा, चुलीची कोरडी राख मिळाली तर तिच्यात घोळून काचेच्या बरणीत भरा आणि वर महिना-वर्ष लिहून ठेवा. संकरित वाणाचं बी धरलं तर पुढच्या वर्षी फळ वेगळंच येतं, म्हणून गावठी किंवा सुधारित वाणाचंच धरा. भुईमुगाच्या दाण्याएवढा ओलावाही बरणीत राहिला तर बुरशी येते, झाकण लावायच्या आधी एक बी दाताखाली धरून बघा. कडकन मोडलं की बरणी बंद करा.